आधी खळं, मग गोदाम

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा वेगळा आहे, शेतीचा. शहरातल्या मित्रांना कंटाळा आला तर त्यांनी खुशाल पुढे जावं, पण ताई, तू मात्र पूर्ण वाच. कारण यात आबांचा उल्लेख आहे आणि माझी एक जुनी चूकही.

२०२५ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. परभणीहून ताडकळसला निघालो तेव्हा दिवस कलला होता. गाव चार-पाच किलोमीटर राहिलं असेल आणि रस्ता एकदम अर्धाच उरला. बाकीच्या अर्ध्यावर सोयाबीन पसरलेलं. गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने नारळाएवढे दगड ओळीने मांडलेले. समोरून ट्रॅक्टर आला, मी गाडी डावीकडे दाबली आणि एक दगड चुकवून चाक थेट सोयाबीनवर गेलं. कचकच आवाज आला. "हा रस्ता आहे का कुणाचं खळं?" असं म्हणत मी एक शिवी हासडली. बायको म्हणाली, "हळू बोला. त्या वहिनी आहेत."

खरंच वहिनी होत्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात खराटा. माझ्या चाकाने उडवलेले दाणे त्या परत आत लोटत होत्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "या भावजी. दिवाळी रोडवरच हाय औंदा."

रात्री जेवताना मी दादापाशी विषय काढला. रस्त्यावर धान्य घालणं किती धोक्याचं आहे वगैरे. सगळं बरोबरच होतं माझं. आदल्या वर्षी आमच्याच ओळखीतला एक मुलगा रात्री मोटरसायकलवरून येताना पडला होता. धान्य कधीच उचललेलं होतं, दगड तसेच राहिले होते. गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन महिने घरी बसला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रोडवर वाळवायलोत म्हणून तुला राग यायलाय. मंग सांग की, कुठं वाळवावं? तुझ्या फ्लॅटच्या ग्यालरीत?"

मी गप्प झालो. कारण या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी आमच्याच शेतात होतं आणि ते मोडायला लावलं होतं मीच.

आमच्या शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला, दोन गुंठ्यांचं खळं होतं. ज्यांनी खळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुगीच्या आधी जमीन खरडून सपाट करायची, पाणी शिंपडायचं, बैल फिरवून आणि चोपण्याने बडवून ती घट्ट करायची. मग शेणकाल्याने सारवायची. मधोमध तिवडा म्हणजे लाकडी खांब रोवायचा आणि त्याच्याभोवती बैलांची पात फिरवायची. कणसं मळून झाली की वारा बघून वावडीवर उभं राहून धान्य उपणायचं. भूस एकीकडे, रास एकीकडे. शेवटी खाली जे माती मिसळलेलं उरतं ते मातेरं. एखाद्या गोष्टीचं मातेरं झालं असं आपण म्हणतो ना, ते इथूनच आलं. खळं जितकं टणक, तितकं मातेरं कमी. साधा हिशोब.

मग मळणी यंत्र आलं. यंत्र शेतात जिथे गंजी असेल तिथे जाऊन उभं राहतं. बैल नको, तिवडा नको, वारा नको. ज्वारी कमी झाली आणि सोयाबीन वाढलं. २००३ साली मी सुट्टीवर आलो असताना आबांना म्हणालो, "ही दोन गुंठे जमीन कशाला पडीक ठेवलीय? नांगरून टाका." मला नोकरी लागलेली होती, हिशोब येत होता, आणि आपल्याला वडिलांपेक्षा जास्त कळतं असं वाटण्याचं वय होतं. आबा एवढंच म्हणाले, "खळं वर्षातून चार दिवसच लागतं. पण त्या चार दिवसांत त्याच्या जागी दुसरं काई चालत नाई." पुढच्या जूनमध्ये त्यांनी खळं मोडलं. दोन गुंठ्यांत सोयाबीन किती वाढलं असेल? फार तर अर्धा क्विंटल.

आता कुणाला वाटेल हा जुन्याच्या आठवणीत रमणार. तसं नाही. मी दिवाळीनंतर या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की आबांचं ते शेणामातीचं खळं आज असतं तरी वहिनींच्या कामाला आलं नसतं. जुनं खळं मुख्यतः रब्बीच्या ज्वारीचं. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, आभाळ कोरडं, ऊन कडक. सोयाबीन निघतं सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं परतीच्या पावसात. मातीच्या खळ्यावर एक सर पडली की चिखल. तेव्हा प्रश्न जुनं परत आणण्याचा नाही. पीक बदललं, सुगीचा महिना बदलला, यंत्र बदललं, आणि या सगळ्यात धान्याखालची जमीन तेवढी कुणी बदलली नाही. उलट ती होती तीही गेली. मग लोकांना गावात जी एकच टणक, कोरडी, पाणी वाहून जाणारी जागा दिसली तिथे ते गेले. ती म्हणजे डांबरी रस्ता.

आपल्याकडे पूर्वीच्या लोकांना धान्य कशावर ठेवायचं याची फार जाण होती. मराठवाड्यात गावोगाव पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत सगळीकडून कडब्याचं नाहीतर भुसाचं अस्तर, वरून मातीने बंद. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला तर आत माणूसही टिकणार नाही हे लहान पोरालाही माहीत असायचं. ही पेवं शेतात नसायची, गावठाणात असायची. कारण शेत म्हणजे काळी आणि गाव म्हणजे पांढरी. काळी माती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पिकवायला ती उत्तम आणि साठवायला अगदी वाईट. जागा चुकली किंवा पाणी आलं की पेव गेलं. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळशी निकामी झाली.

आजचं आमचं 'पेव' म्हणजे गंजी. सोयाबीन कापलं की यंत्र मिळेपर्यंत, मजूर मिळेपर्यंत, आभाळ उघडेपर्यंत शेतातच ढीग घालायचा आणि वर ताडपत्री. (ताडकळसच्या माणसाला ताडपत्री पावली नाही तर कुणाला पावणार! असो.) पण बऱ्याच गंज्या वरून भिजत नाहीत, खालून भिजतात. काळ्या रानात पाणी मुरतं आणि खालचा हातभर थर ओला होतो. वरून ताडपत्री घट्ट बांधलेली, आत दमट माल. मग गंजी तापते, तिला घाम येतो. चार दिवसांनी उघडावी तर शेंगांना मोड नाहीतर बुरशी. दादा हल्ली खाली तुराट्या अंथरतो, भोवती चर काढतो, गंजी मध्ये उंच ठेवतो आणि ऊन पडलं की ताडपत्री उचलून वारं देतो. यानेही पुष्कळ वाचतं. पण चिखलावर तुराट्या म्हणजे शेवटी चिखलावरच्या तुराट्या.

इथे मला एक गंमत सांगायची आहे. भारतीय अन्न महामंडळ गोदामं कमी पडली की गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर लावत आलं आहे. त्या पद्धतीला 'कॅप' म्हणतात. या इंग्रजी नावातले दोन महत्त्वाचे शब्द म्हणजे आच्छादन आणि ओटा. आधी उंच पक्का ओटा, त्यावर लाकडी चौकटी, त्यावर पोती आणि मग वरून काळं जाड प्लास्टिक. ऑस्ट्रेलियातही हजारो टन गहू-बार्ली उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवतात, पण खालची जमीन आधी दाबून, उतार देऊन टणक केलेली असते. म्हणजे उघड्यावर धान्य ठेवणं हे काही गरिबीचं लक्षण नाही. नीट केलं तर ती चांगली, स्वस्त पद्धत आहे. आपण मात्र त्यातलं आच्छादन तेवढं उचललं आणि ओटा विसरलो. व्यापाऱ्याच्या मालाखाली ओटा असतो, सरकारच्या मालाखाली ओटा असतो. ज्याने पिकवलं त्याच्या मालाखाली मात्र काळी माती.

यात पैसा किती जातो? २०२४ चंच उदाहरण घ्या. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात बऱ्याच ठिकाणी भाव चार ते सव्वाचार हजारांच्या आसपास. हमीभावाने विकायचं तर मालात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. आमचा माल १७-१८ टक्के भरला. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने त्या हंगामापुरती ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर दादाने माल घालून टाकला होता. दिवाळी झालेली होती, उधारी दारात उभी होती. चाळीस क्विंटलवर क्विंटलमागे सहाशे रुपये धरले तरी चोवीस हजार गेले. पीक चांगलं आलं होतं, विकायची जागाही होती. फक्त पाच-सहा टक्के पाणी घालवायला जागा नव्हती.

आणि ही गोष्ट एका हंगामात संपत नाही. २०१९ चा ऑक्टोबर आठवतो का? सुगीच्या तोंडावर पाऊस हटायलाच तयार नव्हता. त्यात भिजलेलं सोयाबीन बियाण्याच्या कामाचं राहिलं नाही आणि २०२० च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं. ओल लागली, चाकाखाली आलं, आपटलं, की उगवण जाते. रस्त्यावर वाळवलेल्या मालातून घरचं बी धरायचं म्हणजे पुढच्या वर्षाचा जुगार.

मग पक्कं खळं करायला किती लागतं? मी इंजिनिअर आहे (खात्याचं नाव विचारू नका :)), म्हणून हा हिशोब मांडला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यावर दोन इंच जाडीचा थर दिला तर साधारण ३७ क्विंटल सोयाबीन एका वेळी मावतं. म्हणजे पाच एकरवाल्याचा जवळजवळ सगळा माल. चार इंच काँक्रीट धरलं तर सुमारे सव्वादहा घनमीटर, सिमेंट साठ-पासष्ट पोती. मुरूम, खडी, वाळू, मजुरी धरून आमच्याकडे गवंड्याने ऐंशी हजारांचा अंदाज दिला. शेजाऱ्यासोबत बांधावर मिळून केलं तर निम्मा. एका ओल्या हंगामात चोवीस हजार जात असतील तर तीन-चार हंगामांत वसूल. आणि ते फक्त सोयाबीनपुरतं थोडंच आहे? तूर, हरभरा, ज्वारी, आणि आता आमच्या भागात वाढलेली हळद, सगळ्यांनाच जागा लागते.

मात्र काळ्या रानावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांत त्याच्या भेगांत गवत उगवेल. माती पावसाळ्यात फुगून फरशी उचलते, उन्हाळ्यात आकसून तिला आधार सोडते. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दाबून द्यायचा हा उपाय दाखवला. आपल्या खेड्यातल्या भाषेत सांगायचं तर वरची काळी माती काढा, चांगला चिकट मुरूम थराथराने टाका, पाणी मारून रोलर फिरवा आणि मगच काँक्रीट. दर दहा-बारा फुटांवर सांधा सोडा. पाणी निघून जाईल एवढा उतार द्या आणि किमान पंधरा दिवस पाणी मारा. ज्याला काँक्रीट परवडत नाही त्याने मुरमातच थोडं सिमेंट नाहीतर चुना मिसळून, दाबून घट्ट ओटा केला तरी तो काळ्या मातीपेक्षा कितीतरी पटीने बरा. आणि हो, बियाण्याचा माल भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर घालू नका. खाली ताडपत्री, पातळ थर, सकाळचं ऊन आणि सारखं हलवणं.

दादाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने दोन शंका काढल्या. एक म्हणजे जागा जाते. त्याला मी काय बोलणार? हेच कारण सांगून मी खळं मोडायला लावलं होतं! दुसरी शंका खरी आहे. जो दुसऱ्याची जमीन बटईने करतो तो तिथे ऐंशी हजार कशाला घालेल? दोन एकरवाला कुठून आणेल? म्हणून मला वाटतं की हे प्रत्येकाने एकट्याने करायचं काम नाही. चार-पाच शेतकऱ्यांत एक, किंवा गावाच्या कडेला, रस्त्याला लागून पण रस्त्यावर नाही, असं गावाचं सामाईक पक्कं खळं हवं. पाळीने वापरायचं. स्मशानभूमीला, समाजमंदिराला गावात जागा निघते, तशी यालाही निघेल.

सरकारने २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' म्हटलं. कांदा चाळीला अनुदान दिलं. २०२३ मध्ये केंद्राने सहकारी संस्थांमार्फत पाच वर्षांत ७०० लाख टन साठवणक्षमता उभारायची मोठी योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पणन मंडळाची तारण कर्ज योजना तर १९९० पासून आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने घ्या आणि भाव आला की विका. पण या सगळ्यांच्या दारात एकच अट उभी असते, ती म्हणजे माल वाळलेला हवा. ओला माल गोदामात ठेवणं म्हणजे ओले कपडे कपाटात घडी घालून ठेवणं. गोदाम हे दुसरं पाऊल आहे. पहिलं पाऊल टाकायला शेतकऱ्याच्या पायाखाली टणक जमीनच नाही आणि आपण त्याला दुसऱ्या पावलासाठी बोलावतोय. मागेल त्याला खळं, असं कुणी म्हणेल का?

कुणी म्हणेपर्यंत आम्ही थांबणार नाही. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी दादा आणि मी विहिरीच्या वर जाऊन उभे राहिलो. जुन्या खळ्याची जागा मला ओळखता आली नाही, दादाला आली. पिकाचा रंग तिथे अजून जरा वेगळा दिसतो म्हणाला. येत्या उन्हाळ्यात तिथेच एक गुंठ्याचं पक्कं खळं करायचं ठरलं आहे. शेजारच्या तात्यांनाही वापरू द्यायचं, बांधाचं भांडण बाजूला ठेवून. खर्च माझा. दादा नको म्हणत होता. मी म्हटलं, सल्ला माझा होता, भरपाईही माझी.

वहिनींनी तेवढ्यात विचारलं, "भावजी, त्याला उतार कुणीकडं देणार? पाणी विहिरीकडं येऊ देऊ नका, सगळं भूस आत जाईल." एवढ्या हिशोबात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उतार आता उलट्या बाजूला, ओढ्याकडे.

ताई, मे महिन्यात ये. पाणी मारायला माणसं लागतील.